तेरापैकी तेरा

घरातल्या दिव्यांच्या बटणांचा बोर्ड साधारण साडेचार फुटांवर असतो. त्याच्याशेजारी र्‍योको तानी उभी राहिली, तर तिचा माथा बोर्डाच्या जेमतेम वर दिसेल. उंची १४६ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट साडेनऊ इंच. लढायची ती ४८ किलोच्या गटात. दुकानात थप्पी लावून ठेवलेलं ५० किलोचं गव्हाचं पोतं तिच्याहून दोन किलोंनी जड भरेल.

या बाईनं १९९१ ते २००८ या काळात ज्युदोच्या ८ जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आणि ५ ऑलिंपिक खेळली. एकूण १३ स्पर्धा, आणि पदकं १३. त्यांतली ९ सुवर्ण, २ रौप्य आणि २ कांस्य. सोळाव्या वर्षी आणि बत्तिसाव्या वर्षी, लग्नाआधी आणि लग्नानंतर, बाळंतपणाआधी आणि बाळंतपणानंतर, या सर्वोच्च पातळीवरून ती एकदाही रिकाम्या हातानं परतली नाही.

हे आकडे मी पहिल्यांदा एका ओळीत मांडून पाहिले तेव्हा माझाच विश्वास बसला नाही. मोठे खेळाडू पुष्कळ असतात, पदकांच्या राशीही पुष्कळांच्या असतात. पण ज्युदोत ‘तेरापैकी तेरा’ म्हणजे काय, हे कळायला त्या खेळात एक चूक किती महाग पडते ते आधी समजून घ्यावं लागतं.

आपल्याकडे कुस्तीच्या फडात वाढलेल्या माणसाला ज्युदो समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. प्रतिस्पर्ध्याला जोर, वेग आणि ताबा राखून पाठीवर आपटलं की ‘इप्पोन’. आपल्या भाषेत चितपट. कुस्ती तिथंच संपली. गुण मोजायचे नाहीत, पुढची फेरी नाही, उरलेल्या वेळाची वाट पाहायची नाही. जमिनीवर दाबून धरलं, आजच्या नियमानं सलग २० सेकंद, तरी इप्पोन. हात अडकवून किंवा गळा आवळून समोरच्याला शरण यायला लावलं तरी इप्पोन. धोबीपछाडची सख्खी बहीण शोभेल अशी ‘सेओई-नागे’ तिथं आहे. टांग मारण्याची आठवण करून देणारी ‘उची-माता’ आहे. फरक एवढाच, की इथं पकडायला लंगोट किंवा मान नसते, तर जाड विणीच्या कुडत्याची कॉलर आणि बाही असते.

वेळ किती? आज लढतीची नियमित वेळ ४ मिनिटं. ती संपायच्या आधी कितीही मागे असलात तरी एका फेकीनं जिंकता येतं. आणि कितीही पुढे असलात तरी एका फेकीनं हरता येतं.

ती फेक जवळून पाहू. उची-मातात हल्ला करणारी एका हातानं समोरचीची बाही ओढते, दुसर्‍या हातानं कॉलर वर उचलते, आणि पाठ वळवून समोरचीच्या पुढ्यात शिरते. मग एक पाय समोरचीच्या दोन पायांच्या मधून मागं आणि वर झेपावतो, मांडीच्या आतल्या बाजूला लागतो. समोरचीचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात. तिचं सगळं शरीर फेकणारीच्या कमरेवरून फिरतं आणि पाठीवर येतं. आता ढोबळ हिशेब करू. फेकीच्या शिखरावर पडणारीच्या शरीराचा मध्य मॅटपासून साधारण एक मीटर उंच आहे असं धरलं, तर तिथून खाली यायला ०.४५ सेकंद लागतात. डोळ्यांनी काही पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, म्हणजे ‘आपण पडतोय’ हे कळेपर्यंत जवळजवळ निम्मा वेळ सरलेला असतो. मॅटला शरीर लागतं तेव्हाचा वेग ताशी १६ किलोमीटर. ते शरीर ५ सेंटिमीटरच्या आत थांबलं, तर त्या क्षणी त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २० पट ताण येतो. ४८ किलोची मुलगी तेवढ्या क्षणापुरती जवळजवळ एक टनाची होते.

म्हणून ज्युदोत सगळ्यात आधी पडायला शिकवतात. फेकायला नंतर. हनुवटी छातीला लावायची, डोकं मॅटला लागू द्यायचं नाही, आणि पडताना पसरलेल्या हातानं मॅटवर जोरात चापट मारायची, म्हणजे आघात एका जागी न साचता सगळ्या अंगाला वाटला जातो. समजा, एखादी मुलगी रोज १०० वेळा पडली, वर्षातले ३०० दिवस, १० वर्षं. पडण्यांची संख्या होते ३ लाख. हा हिशेब कुणा एकीचा नाही, पण जागतिक दर्जाच्या कुणाही खेळाडूला तो अवाच्या सव्वा वाटणार नाही. चितपट न होण्याचं आयुष्य असं लाखो वेळा चितपट होऊन उभं राहतं.

आता वेळेचा हिशेब. र्‍योकोच्या त्या १३ स्पर्धांत प्रत्येकी ५ लढती धरा. प्रत्येक लढत पूर्ण ५ मिनिटं चालली असंही धरा, जरी तिच्या कित्येक लढती त्याच्या कितीतरी आधी संपायच्या. बेरीज होते ३२५ मिनिटं. कसोटी क्रिकेटमध्ये एका दिवसाचा खेळ ६ तासांचा, म्हणजे ३६० मिनिटांचा असतो. ज्या १७ वर्षांनी तिला ज्युदोच्या इतिहासात बसवलं, त्या वर्षांतला सर्वोच्च स्पर्धांमधला सगळा खेळ वानखेडेवरच्या एका दिवसात मावतो, आणि वर चहापानाला वेळ उरतो.

क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर आपल्या सचिनची आठवण काढू. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये त्यानं ७८२ डावांत १०० शतकं केली, म्हणजे साधारण आठ डावांत एक. जगात दुसर्‍या कुणालाही शंभर शतकं जमलेली नाहीत. पण शून्यावर बाद झालेल्या सचिनला चार दिवसांनी दुसरा डाव मिळायचा. ज्युदोत ऑलिंपिकचा दुसरा डाव चार वर्षांनी येतो, आणि एका गटाची सगळी स्पर्धा एकाच दिवसात उरकते. सकाळी पहिली लढत, संध्याकाळी गळ्यात पदक. मधल्या कुठल्याही लढतीत पाठ टेकली की सुवर्ण गेलं.

दहापैकी नऊ लढती जिंकणारी खेळाडू आपल्याला अजिंक्य वाटेल. पण सुवर्णासाठी सलग पाच लढती जिंकायच्या असतील, तर तिला सुवर्ण मिळण्याची शक्यता फक्त ५९ टक्के. दहापैकी आठ जिंकणारीची ३३ टक्के. र्‍योकोनं १९९३ ते २००७ या काळात ज्या ज्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत भाग घेतला ती प्रत्येक जिंकली: हॅमिल्टन, चिबा, पॅरिस, बर्मिंगहॅम, म्युनिक, ओसाका, रिओ. सात. दहापैकी नऊ लढती जिंकणार्‍या खेळाडूला सलग सात सुवर्णं मिळण्याची शक्यता काढली तर ती चाळिसात एक येते.

आणि मग ८४ हा आकडा. बार्सिलोना ऑलिंपिकची अंतिम लढत हरल्यानंतर अटलांटाच्या अंतिम लढतीपर्यंत, चार वर्षांत, ती सलग ८४ लढती जिंकली. प्रत्येक लढत जिंकण्याची शक्यता ९० टक्के धरली, तर अशी मालिका सुमारे ७ हजारांत एकदा घडते. ९५ टक्के धरली तरी ७४ मध्ये एकदा. शक्यता ९९ टक्के, म्हणजे शंभर लढतींत एक हार, इतकी वर नेली, तरी ८४ सलग जिंकण्यापेक्षा मधेच कुठेतरी हरण्याची शक्यताच जास्त निघते.

लढत म्हणजे निव्वळ नाणेफेक असती तर? २ चा ८४ वा घात हा १ वर २५ शून्यं दिली की होणार्‍या संख्येच्या जवळजवळ दुप्पट असतो. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. विश्व जन्मल्यापासून साडेचार कोटी माणसं बसली असती, आणि त्यांतल्या प्रत्येकानं न थांबता दर सेकंदाला ८४ नाणी उडवली असती, तर आजवर सरासरी एकदा सगळे छापे पडले असते. ज्युदो नाणेफेक नाही म्हणूनच हे घडलं, हे उघड आहे. तरीही तो आकडा लिहिताना माझा हात थांबतो, कारण त्या ८४ मधल्या प्रत्येक वेळी समोर उभी असलेली मुलगी हिला पाडण्यासाठीच वर्षभर राबलेली असायची.

र्‍योको तामुरा, लग्नाआधीचं तिचं नाव हे, ६ सप्टेंबर १९७५ ला फुकुओकात जन्मली. लहानपणीच मोठ्या भावाच्या मागोमाग ज्युदोच्या वर्गात गेली. डिसेंबर १९९० मध्ये गावातच भरलेली फुकुओका आंतरराष्ट्रीय महिला ज्युदो स्पर्धा तिनं जिंकली तेव्हा ती १५ वर्षांची शाळकरी मुलगी होती. जपानला तिच्यासाठी नवं नाव शोधावं लागलं नाही. नाओकी उरासावा यांची ‘यावारा!’ ही चित्रकथा १९८६ पासून घराघरांत वाचली जात होती. तिची नायिका चणीनं लहान, ज्युदोत बेजोड आणि ऑलिंपिककडे निघालेली. र्‍योकोला सगळे ‘यावारा-चान’ म्हणू लागले. चित्रातली पोर खरीच जिवंत होऊन मॅटवर उतरली, असं त्या देशाला वाटलं असणार.

बार्सिलोनाची तारीख मात्र नुसत्या तिच्यासाठी मोठी नव्हती. ऑलिंपिकमध्ये बायकांच्या ज्युदोला पूर्ण दर्जाची पदकं १९९२ मध्ये पहिल्यांदा मिळाली. पुरुषांना ती १९६४ मध्येच, टोकियोत मिळाली होती. मधली २८ वर्षं कुणाकुणाची गेली, हे सांगितल्याशिवाय र्‍योकोच्या पदकांबद्दल बोलणं मला बरं वाटत नाही.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात १२ चटयांच्या खोलीत ज्युदो शिकवायला सुरुवात केली. एक चटई म्हणजे जेमतेम एक माणूस झोपेल एवढी. ती सगळी खोली सव्वादोनशे चौरस फुटांच्या आतली, आणि शिष्य ९. आजचं लढतीचं मैदान किमान ८ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ ६९० चौरस फूट असतं. पुण्यातला दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट तेवढाच भरेल. कानोंना ज्यांनी जुजुत्सू शिकवलं त्या हाचिनोसुके फुकुदा यांची नात केइको फुकुदा. ती १९१३ ची. १९३५ मध्ये ज्युदो शिकायला गेली. उंची पाच फुटांच्या आत, वजन ४५ किलोंच्या आसपास, र्‍योकोच्याच चणीची. १९५३ मध्ये तिला ब्लॅक बेल्टची पाचवी पायरी, पाचवा ‘दान’ मिळाला, आणि तिथं दार बंद झालं. बाईला त्याच्या वर चढू द्यायचंच नाही असा शिरस्ता होता. सहावा दान मिळाला १९७२ मध्ये. १९ वर्षं एकाच पायरीवर. दहावा, म्हणजे सर्वांत वरचा दान, तिला अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेनं २०११ मध्ये दिला. तेव्हा ती ९८ वर्षांची होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये, शंभरीला दोन महिने उरले असताना, ती गेली.

दुसरी रस्टी कानोकोगी, न्यूयॉर्कची. १९५९ मध्ये राज्य पातळीवरच्या एका स्पर्धेत ती छाती पट्ट्यांनी घट्ट बांधून, पुरुष म्हणून उतरली आणि जिंकली. नंतर तिला विचारण्यात आलं, तू बाई आहेस का? तिनं हो म्हटलं. पदक काढून घेण्यात आलं. याच बाईनं १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बायकांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली, स्वतःचं घर गहाण टाकून. पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा १९५६ मध्ये झाली होती. १९५९ चं ते पदक रस्टीला २००९ मध्ये परत मिळालं. ५० वर्षांनी. त्याच वर्षी ती वारली.

तर बार्सिलोनात ४८ किलोच्या गटात जी १६ वर्षांची मुलगी मॅटवर आली, तिच्या पायाखाली हे सगळं अंथरलेलं होतं. उपांत्य फेरीत तिनं चार वेळा जगज्जेती राहिलेल्या ब्रिटनच्या कॅरेन ब्रिग्जला हरवलं. अंतिम फेरीत फ्रान्सच्या सेसिल नोवाकनं तिला हरवलं. रौप्य. मग ती ८४ विजयांची मालिका, आणि अटलांटा.

अटलांटात समोर आली उत्तर कोरियाची क्ये सुन-हुइ. आंतरराष्ट्रीय मॅटवर फारसं कुणी तिला पाहिलेलं नव्हतं. तिला ऑलिंपिकचा प्रवेशही वाइल्ड कार्डनं मिळालेला. वय १६. चार वर्षांपूर्वी र्‍योकोचं होतं तेवढंच. ८४ विजय घेऊन आलेली वीस वर्षांची जगज्जेती त्या मुलीपुढे हरली. पुन्हा रौप्य.

इथं मला जरा थांबावंसं वाटतं. कारण आकड्यांच्या कौतुकात एक गोष्ट निसटते. ८४ नंतरची ८५ वी लढत हरण्याचं दुःख पहिली लढत हरण्याएवढंच नसतं. ८४ लढतींचं ओझं त्या एका पराभवावर येऊन पडतं. ती २० वर्षांची होती, दोन वेळा जगज्जेती होती, आणि तिच्या देशातल्या लहान मुलांनासुद्धा ती ठाऊक होती. त्या दिवशी तिनं खेळ सोडला असता तरी कुणी बोट दाखवलं नसतं. ती परत आली. अटलांटानंतर तिनं पुन्हा सलग ६५ लढती जिंकल्या.

सिडनीला निघताना ती म्हणाली होती, जास्तीत जास्त सुवर्ण आणि कमीत कमीही सुवर्ण. दोन रौप्यं घरी असलेल्या माणसानं हे सगळ्या देशासमोर बोलायला जिगर लागते. अंतिम लढतीत समोर रशियाची ल्युबोव ब्रुलेतोवा. मघाशी सांगितलेली उची-माता लागली, ब्रुलेतोवाची पाठ मॅटला टेकली, लढत संपली. ४० सेकंदही लागले नाहीत. बार्सिलोनाच्या अंतिम लढतीपासून त्या क्षणापर्यंत २,९६७ दिवस गेले होते. जवळजवळ तीन हजार दिवस एका बाजूला, आणि पाऊण मिनिटापेक्षा कमी वेळ दुसर्‍या बाजूला.

हा वेळ उलटाही फिरतो. पॅरिस २०२४ मध्ये भारताकडून ज्युदोत एकटी तुलिका मान उतरली होती. राष्ट्रकुल स्पर्धेची रौप्यपदक विजेती. पहिल्याच लढतीत समोर क्युबाची इदालिस ओर्तिस, जिच्याकडे तेव्हा चार ऑलिंपिक पदकं होती. लढत २८ सेकंदांत संपली. आपल्याकडे लोकांनी बातमी वाचली आणि पान उलटलं. त्याआधी टोकियोत मणिपूरची सुशीला देवी र्‍योकोच्याच ४८ किलो गटात खेळली, तीही पहिल्या लढतीत हरली. २०१४ आणि २०२२ अशी राष्ट्रकुलची दोन रौप्यपदकं तिच्या नावावर आहेत. २८ सेकंदांत हरलेली मुलगी तिथवर पोचायला किती वर्षं पडत-उठत होती, याचा हिशेब कुणी केला नाही याचं मला वाईट वाटतं. ज्युदोतला काळ सगळ्यांसाठी असाच असतो. जिंकणारीचे ४० सेकंद आणि हरणारीचे २८ सेकंद एकाच मापाचे.

एक मराठी धागाही सांगून टाकतो. १९५२ मध्ये हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांना ज्या जपानी मल्लानं हरवलं, तो शोहाची इशिई. सुवर्ण त्याला मिळालं आणि कांस्य खाशाबांना. इशिई मूळचा ज्युदोतला. युद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली तेव्हा तो कुस्तीकडे वळला होता. गोळेश्वरच्या मातीतला पैलवान आणि टोकियोच्या चटईवरचा ज्युदोका असे एका मॅटवर येऊन गेले आहेत.

डिसेंबर २००३ मध्ये र्‍योकोनं बेसबॉलपटू योशितोमो तानीशी लग्न केलं. अथेन्सला जाताना तिनं सांगितलं, तामुरा असताना सुवर्ण, आणि तानी झाल्यावरही सुवर्ण. ऑगस्ट २००४ मध्ये तिनं फ्रान्सच्या फ्रेदेरिक जोसिनेला हरवून ते खरं केलं. त्याच ऑलिंपिकमध्ये जपानच्या बेसबॉल संघाला कांस्य मिळालं, आणि त्या संघात तिचा नवरा होता. ३१ डिसेंबर २००५ ला पहिला मुलगा झाला. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा तिनं सोडली. १९९१ पासून तिनं चुकवलेली ही पहिलीच.

आता वजनाचा आकडा. ४८ किलोच्या गटात वजनकाटा ४८.१ दाखवत असेल तर खेळता येत नाही. १०० ग्रॅमची किंमत काय असते हे विनेश फोगटनं पॅरिसमध्ये भोगलं, आणि आपण सगळ्यांनी ते पाहिलं. तुलनेला क्ये सुन-हुइ घ्या. अटलांटात ४८ किलो, सिडनीत ५२, अथेन्समध्ये ५७. वय वाढतं, हाडं भरतात, गट बदलतो, हे स्वाभाविकच आहे, आणि क्येनं प्रत्येक गटात पदक मिळवून आपली थोरवी सिद्ध केली. र्‍योको मात्र पंधराव्या वर्षी ज्या गटात होती, त्याच गटात बाळंतपणानंतर, एकतिसाव्या वर्षी परत आली. काटा तोच, ४८.

पण मायदेशात तिला वाट मोकळी नव्हती. २००२ च्या एप्रिलमध्ये तिची ६५ विजयांची मालिका एका शाळकरी मुलीनं तोडली होती. तोमोको फुकुमी. वय? १६. बार्सिलोनातली ती स्वतः, अटलांटातली क्ये, आणि आता ही. सोळा वर्षांच्या मुलींनी तिच्या आयुष्यात असं तीनदा दार ठोठावलं. २००७ मध्ये परतल्यावर राष्ट्रीय निवड स्पर्धेच्या अंतिम लढतीत फुकुमीनं तिला पुन्हा हरवलं. तरीही रिओच्या जागतिक स्पर्धेसाठी निवड झाली ती तानीची. रिओत तिनं सातवं जागतिक सुवर्ण जिंकलं. पुढच्या वर्षी एमी यामागिशीनं तिला राष्ट्रीय अंतिम फेरीत हरवलं, आणि तरीही बीजिंगला तानीच गेली.

मी र्‍योकोचा चाहता आहे, आणि तरीही म्हणतो की फुकुमीवर अन्याय झाला. समोरासमोर दोनदा जिंकलेल्या मुलीला घरी बसवणं योग्य नव्हतं. रिओचं सुवर्ण त्या प्रश्नाचं उत्तर होऊ शकत नाही, कारण फुकुमीनं तिथं काय केलं असतं हे आता कुणालाच कळणार नाही. निवडकर्त्यांनी सोळा वर्षांचा इतिहास तराजूत टाकला. ज्या खेळात ३९ सेकंदांपूर्वी काय घडलं यालाही किंमत नसते, त्या खेळात हा तराजू मला पटत नाही.

बीजिंगला निघताना तिनं आईपणाचंही तेच वाक्य केलं: आई झाल्यावरही सुवर्ण. उपांत्य फेरीत रोमानियाची अलिना दुमित्रू समोर होती. दोघींपैकी कुणालाच फेक साधली नाही. शेवटच्या टप्प्यात पंचांनी तानीला निष्क्रियतेबद्दल ताकीद दिली, आणि तेवढ्या एका ताकिदीवर लढत गेली. पाठ टेकली नव्हती. कुणी अस्मान दाखवलं नव्हतं. दुमित्रूनं पुढे सुवर्ण जिंकलं, रोमानियाचं ज्युदोतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

त्यानंतर त्याच दिवशी कांस्यासाठी लढायला परत मॅटवर यायचं होतं. वय ३२. सोळा वर्षांतलं पाचवं ऑलिंपिक, आणि तीन वाक्यांत तीन वेळा जाहीर केलेल्या सुवर्णांपैकी हे तिसरं आता मिळणार नव्हतं. समोर रशियाची ल्युदमिला बोग्दानोवा. र्‍योको तानीनं तिला फेकलं. इप्पोन. तेरावं पदक.

२००९ मध्ये तिला दुसरा मुलगा झाला. त्याच ऑगस्टमध्ये रोटरडॅमला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली, आणि ४८ किलोचं सुवर्ण पुन्हा जपानला मिळालं. जिंकणारीचं नाव तोमोको फुकुमी. वय २४.